पंथांतल्या खुनांच्या डॉक्युमेंटरी: आत काय घडलं हे सांगितलं कोणी?

विंगेतला_माणूस (धागाकर्ता)

मंडळी, नाशिकच्या हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं घासतोय. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, मध्येच एखाद्या मालिकेत ‘हवालदार, दुसरा’. गेल्या थंडीत एका क्राइम डॉक्युमेंटरीच्या पुनर्नाट्यात, म्हणजे घडलेला गुन्हा नटांकडून पुन्हा करून दाखवतात त्या भागात, काम मिळालं. उत्तरेकडच्या एका मठातलं प्रकरण. नाव लिहीत नाही, तसं लिहून दिलंय. शूटिंग गिरणाऱ्याच्या पुढे एका फार्महाऊसवर. मी चार शिष्यांपैकी एक, दाराशी उभा राहणारा.

ज्यांनी असलं काम केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुनर्नाट्यात आपल्याला संवाद नसतात. ‘ओठ हलवा, आवाज नको’ एवढीच सूचना, कारण वरून निवेदन चढणार असतं. चेहरा ओळखू येता कामा नये म्हणून दिवा पाठीमागून, कोपऱ्यात धूर सोडायचं यंत्र, आणि सगळं सावकाश. उठायचं सावकाश, वळायचं सावकाश, कडी सरकवायची तीही सावकाश. रक्त म्हणजे ग्लुकोजचं सिरप, खायचा लाल रंग आणि काळपटपणा यावा म्हणून चिमूटभर कॉफी. दोन टेकच्या मध्ये पंच्याला मुंग्या लागल्या आणि मेलेला नट उठून पंचा झटकत बसला.

तर मुद्दा कडीचा. एका शॉटमध्ये मी बाहेरून कडी लावतो. दुसऱ्यात लावत नाही, नुसता उभा राहतो. दोन्ही घेतले. मी सहायकाला विचारलं, खरं काय झालं होतं? कारण कडी लावली असेल तर हा माणूस खुनात सामील, नसेल तर घाबरलेला बघ्या. कोर्टात असल्या एका गोष्टीवर जन्मठेप होते किंवा सुटका. तो म्हणाला, ‘दादा, एडिटला बघू, जो भारी दिसेल तो ठेवू.’

तेव्हापासून या डॉक्युमेंटरी बघताना माझं एकच चालू असतं: हे आतलं यांना सांगितलं कोणी? पंथातल्या खुनात बळी बोलायला उरत नाहीत. गुरू तोंड उघडत नाही, पुष्कळदा त्या जागी नसतोच. उरतात हात रंगलेले शिष्य. म्हणजे आपण पडद्यावर जे बघतो ती त्यांचीच जबानी, फक्त दिवे लावून.

अमेरिकेतल्या चार्ल्स मॅन्सनच्या पंथाचं घ्या. ९ ऑगस्ट १९६९, मध्यरात्रीनंतरची वेळ, लॉस एंजेलिस. शिष्यांनी मारलेल्यांपैकी नटी शॅरन टेट साडेआठ महिन्यांची गरोदर. मॅन्सन स्वतः त्या घरात नव्हता. सरकार पक्षाची मुख्य साक्षीदार लिंडा कासाबियन, जिला माफी मिळाली, ती खून होताना घराबाहेर होती. दुसऱ्या रात्री लाबियांका नवरा-बायकोला मारलं तेव्हाही ती घरात नव्हती. मग आतलं आलं कुठून? बरंचसं सुझन ॲटकिन्सकडून. तिने आधी तुरुंगातल्या बायकांपुढे फुशारकी मारली, मग ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं, डिसेंबर १९६९ मध्ये तिची कहाणी लॉस एंजेलिस टाइम्समध्ये छापून आली, आणि पुढे तिने ती फिरवली. टेटवर मीच वार केले, नाही, मी केलेच नाहीत. इतकी वर्षं जी पुनर्नाट्यं निघतायत त्यांत मात्र सगळं कसं स्वच्छ! कोण कुठे उभा, चाकू कोणाच्या हातात, कोण काय म्हणालं. ती आधी असं म्हणाली आणि नंतर तसं, हे पडद्यावर दाखवायची तसदी कोणी घेत नाही.

जाणकारांनी लिहा.

मिसळ_कट्टा

पहिला नंबर!

राव, साध्या प्रेक्षकाच्या बाजूने बोलतो. अंबडला शिफ्ट करून आल्यावर रात्री दोन तास कोणी खुर्चीत बसून बोलतंय हे नाही बघवत. खून दाखवायचाच नाही तर त्या विषयाला हात कशाला घालायचा? आणि कोपऱ्यात ‘नाट्य रूपांतर’ लिहिलेलं असतंच की. लोक काय इतके भोळे नाहीत.

विंगेतला_माणूस

‘नाट्य रूपांतर’ लिहितात, मान्य. ‘कोणाच्या सांगण्यावरून’ हे लिहीत नाहीत. माझं भांडण तेवढंच आहे.

कोर्टाची_पायरी

धागा आवडला. माझी वकिली दिवाणीत जास्त, फौजदारीत अधूनमधून, पण हा विषय आपल्या घरचा आहे, म्हणून लिहितो.

मानवत, परभणी जिल्हा. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ एवढ्या काळात लहान मुली, एक तान्हं मूल आणि बायका असे दहा खून. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं म्हणून बळी दिले, असं सरकार पक्षाचं म्हणणं. तपासासाठी मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी गेले. यावर १९८१ साली अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ काढला, लेखन तेंडुलकरांचं. २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही सिरीज आली, आशुतोष गोवारीकर कुलकर्णींच्या भूमिकेत. एवढं सगळ्यांना ठाऊक. निकाल वाचलेले किती जण असतील?

दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, १९७७. वकिलीच्या पोरांना हा निकाल खुनांसाठी नाही, माफीच्या साक्षीदारासाठी वाचायला लावतात. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १३३ म्हणायचं, साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा झाली म्हणून ती बेकायदा होत नाही. कलम ११४ चं (ब) हे उदाहरण म्हणायचं, महत्त्वाच्या बाबतीत दुजोरा मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासाला पात्र नाही असं कोर्ट धरून चालू शकतं. दोन्ही एकत्र वाचायची. आणि दुजोरा नुसता खून झाल्याचा असून भागत नाही, तो त्या त्या आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा लागतो. कारण जो स्वतः आत होता त्याला हत्यार, जागा, वेळ सगळं बरोबरच माहीत असणार. खोटं घालायचं तर तो फक्त एका नावात घालेल. स्वतःच्या भावाच्या जागी शेजाऱ्याचं नाव, झालं काम.

आता हे कॅमेऱ्यात आणा. जागा खरी, हत्यार खरं, रात्र खरी, तर शेजारी उभा केलेला चौथा माणूसही खराच वाटणार. जे अलग करून दाखवायला आम्ही महिनोन्महिने उलटतपासण्या घेतो ते एका फ्रेममध्ये घट्ट चिकटून जातं. धागाकर्त्याची कडी ती हीच.

अनघा_गंगापूररोड

वकीलकाका, दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली.

पण सगळ्या पंथांत आतलं सांगायला शिष्यच उरतात असं नाही हं. जोन्सटाउन, गयाना, जिम जोन्स या अमेरिकी धर्मगुरूच्या पंथाची वस्ती, १८ नोव्हेंबर १९७८. त्या दिवशी सगळी मिळून ९१८ माणसं गेली, त्यात तीनशेवर मुलं. लोक त्याला सामूहिक आत्महत्या म्हणतात, पण मुलांना सायनाइड पाजणं ही हत्याच. विमानतळाच्या धावपट्टीवर अमेरिकी खासदार लिओ रायन आणि पत्रकारांना गोळ्या घातल्या तेही त्यातच आलं. आणि तिथली शेवटची टेप आहे, साधारण ४४ मिनिटांची. जिम जोन्सने स्वतःच रेकॉर्ड केलेली.

मी ती टेप ऐकली आणि नंतर बरेच दिवस हेडफोन लावले नाहीत. त्यात एक बाई उठून त्याच्याशी वाद घालते. रशियाला जायचं होतं त्याचं काय, विचारते. या लेकरांना जगू द्यायला हवं, असं म्हणते. गर्दी तिलाच गप्प करते. पुनर्नाट्य करणारे जोन्सला उभा करतात, गॉगल, माईक, घाम, सगळं. टेपमध्ये मला सगळ्यात भयंकर वाटली ती गर्दी, आणि ती एका वेळी एकच आवाज नसते. कोणी रडतंय, कोणी टाळ्या वाजवतंय, कोणी गुरूचे आभार मानतंय. हे पंचवीस ज्युनियर आर्टिस्ट आणून होत नाही.

स्टॅनली नेल्सनची २००६ ची डॉक्युमेंटरी बघा. जुनं चित्रीकरण आणि वाचलेली माणसं यांच्यावरच सगळी उभी आहे. त्यातले सुरुवातीचे भाग बघताना, खोटं कशाला बोलू, मला त्या चर्चमध्ये जावंसं वाटलं. गाणी, काळे-गोरे एकत्र, म्हाताऱ्यांची काळजी. माणसं का गेली ते तेव्हा कळतं.

मिसळ_कट्टा

ताई, म्हणजे रक्ताऐवजी खरी टेप ऐकवायची? ते जास्त क्रूर नाही का? मेलेल्या माणसांचे खरे आवाज आपण जेवताना ऐकायचे. त्यापेक्षा ग्लुकोज सिरप परवडलं.

अनघा_गंगापूररोड

हा प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. जेवताना ऐकू नये, एवढं नक्की.

पेठरोडची_ताई

मी अंनिसचं काम करते, त्यामुळे थोडं तिखट लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे खुनाच्या रात्रीबद्दल बोलताय. मला त्या आधीची दोन वर्षं बघायची असतात, आणि ती पुनर्नाट्यात कधीच नसतात. आपल्याच जिल्ह्यात, टाके हर्षला, २०१४ साली मांत्रिक बाईच्या नादाने दोन बायकांचा जीव घेतला गेला. मारणाऱ्यांत घरची माणसं होती. नाशिकच्या कोर्टाने जन्मठेपा दिल्या. असल्या प्रकरणांत काळे झगे आणि मेणबत्त्या नसतात हो. घरात लांबलेलं आजारपण असतं, मूल राहत नसतं, जमिनीचा वाद असतो, दवाखाना लांब असतो आणि मांत्रिक जवळ असतो. पहिल्यांदा तो लिंबू मागतो, मग कोंबडं, मग बोकड. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच वर. हे दाखवायला धुराचं यंत्र लागत नाही, लेखक लागतो.

दुसरं. बाबा दाखवताना यांना मोह आवरत नाही. खालून कॅमेरा, डोळ्यांत दिवा, मागे खर्जातला मंत्र. शाळेत आम्ही चमत्कारांमागचं विज्ञान दाखवतो. जिभेवर जळता कापूर, नारळाच्या शेंडीत सोडियम ठेवून वर पाणी टाकलं की पेट. आधी पोरं विचारायची, ‘मॅडम, हे कसं केलं?’ आता एखादा हमखास विचारतो, ‘मॅडम, पण त्या सिरीजमधल्या बाबाकडे खरंच पॉवर होती ना?’ सिरीज शेवटी त्याला बेड्या घालते, पण पोरगा पॉवर घेऊन घरी जातो.

जाता जाता: २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉक्टर दाभोलकरांच्या खुनानंतर लगोलग वटहुकूम निघाला तो. त्यात पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय, नवे नवे महाराज दिसतील. अनुभव आला तर तक्रार करा, नुसता स्टेटस ठेवू नका.

त्र्यंबक_नाका

ताई, साधू-महाराज आणि खुनी पंथ एकाच वाक्यात आणू नका. सिंहस्थाला येणारे आखाडे शेकडो वर्षांची परंपरा आहेत.

पेठरोडची_ताई

आखाड्यांबद्दल मी अक्षर लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा.

त्र्यंबक_नाका

वाचलं. ठीक आहे.

संपादक

सिंहस्थावर वेगळा धागा चालू आहे. इथलं अवांतर इथेच थांबवा.

दिल्लीहून_परत

नोकरीनिमित्त उत्तर दिल्लीत होतो, त्यामुळे बुराडीचं लिहितो. १ जुलै २०१८ ची सकाळ, संत नगर, एकाच घरातली ११ माणसं मृत सापडली. आधीच सांगतो, पोलिसांच्या तपासात बाहेरच्या कोणाचा हात आढळला नाही, त्यामुळे खून म्हणणं चूक. पण एका माणसाच्या अंगात वारलेले वडील बोलतात म्हणून सगळं घर ऐकतंय, याला घरातल्या घरातला पंथ नाही म्हणायचं तर काय?

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं हे टोकाचं उदाहरण. माफीचा साक्षीदारही नाही. जिवंत राहिला तो गच्चीवर बांधलेला कुत्रा. मागे राहिल्या ११ वर्षांच्या वह्या आणि गल्लीतल्या सीसीटीव्हीत रात्री स्टूल आणणारी घरची माणसं. बास. मग चॅनलवाल्यांनी काय करावं? भिंतीतून बाहेर आलेले ११ पाईप मोजले आणि आत्मे बाहेर जायची वाट ठरवून टाकली. साधे पाईप हो! त्या दिवसांत आमच्या ऑफिसात चहाच्या टपरीवर प्रत्येकाकडे स्वतंत्र थिअरी होती, आणि प्रत्येक थिअरीत एक बाहेरचा तांत्रिक होता. बाहेरचा तांत्रिक असला की आपलं घर सुटतं.

लीना यादव यांची २०२१ ची तीन भागांची मालिका मला म्हणून बरी वाटली. ती त्या चॅनलांच्या तमाशाकडेही बघते. दहा वर्षं शेजारी राहून आम्हाला पत्ता लागला नाही, असं सांगणारी माणसं मला कुठल्याही फासाच्या दृश्यापेक्षा जास्त झोंबली.

निवृत्त_उपसंपादक

चॅनलचा विषय निघालाच आहे तर एक जपानी प्रकरण नोंदवतो. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

ऑक्टोबर १९८९. टोकियोच्या टीबीएस वाहिनीने साकामोतो नावाच्या वकिलांची मुलाखत चित्रित केली. ते ओम शिनरिक्यो पंथाविरुद्ध पीडित कुटुंबांची बाजू लढवत होते. प्रसारणाआधी वाहिनीच्या माणसांनी ती टेप पंथाच्याच लोकांना दाखवली. पंथाने आक्षेप घेतला, मुलाखत लागली नाही. ४ नोव्हेंबरच्या पहाटे पंथाच्या माणसांनी घरात शिरून वकील, त्यांची बायको आणि वर्षाचा मुलगा यांना मारलं. टेप दाखवल्याचं वाहिनीने पोलिसांनाही सांगितलं नाही. मार्च १९९५ मध्ये त्याच पंथाने मेट्रोत सरिन सोडला. वाहिनीची कबुली आली १९९६ मध्ये.

आता याचं पुनर्नाट्य करायचं तर पहिलं दृश्य कुठलं? माझ्या मते वाहिनीची खोली. टेप लागलेली, समोर पंथाचे लोक बसलेले, कोणीतरी चहा आणून देतंय. रक्ताचा थेंब नाही. पण कुठलीही वाहिनी पहाटेच्या घरापासूनच सुरुवात करणार.

आणि घाई किती, तर १९९३ मध्ये टेक्सासात वेको इथे एका पंथाच्या वस्तीला ५१ दिवस वेढा होता, तो चालू असतानाच त्यावरच्या टीव्ही चित्रपटाचं शूटिंग सुरू झालं होतं. १९ एप्रिलला आग लागून आतली माणसं गेली. मे महिन्यात चित्रपट टीव्हीवर. लोक अजून आत होते आणि बाहेर त्यांच्या भूमिका वाटून झालेल्या.

विंगेतला_माणूस

उपसंपादककाका, हे वेकोचं माहीत नव्हतं. बाप रे. मला त्या नटांची कीव येते. ज्याची भूमिका करतोय तो माणूस त्याच वेळी खिडकीतून बाहेर बघत असणार.

रीळ_आणि_राख

थोडा विरोधी सूर लावतो. धागाकर्ता आणि वकीलसाहेब पुनर्नाट्यालाच आरोपी करतायत. दोष तंत्राचा नाही.

एरल मॉरिसची १९८८ ची ‘द थिन ब्लू लाइन’. विषय पंथाचा नाही, डॅलसमध्ये १९७६ साली झालेल्या एका पोलिसाच्या खुनाचा. त्यात तोच खून पुन्हा पुन्हा घडतो. प्रत्येक साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे वेगळा. गाडीत कधी एक माणूस, कधी दोन. बघता बघता आपल्याच लक्षात येतं की ही माणसं सांगतायत ते एकमेकांत बसत नाही. ज्याला आधी फाशी आणि मग जन्मठेप सुनावली होती तो रँडल ॲडम्स १९८९ मध्ये सुटला, आणि त्यात या फिल्मचा मोठा वाटा. म्हणजे पुनर्नाट्याने माणूस अडकवला नाही, सोडवला.

उलट बाजूने बघायचं तर ओमवरचीच मोरी तात्सुया यांची १९९८ ची ‘ए’. पुनर्नाट्य नाही, खून नाही. गुरू तुरुंगात गेल्यावर मागे राहिलेल्या शिष्यांबरोबर, विशेषतः त्यांच्या तरुण प्रवक्त्याबरोबर, कॅमेरा नुसता राहतो. तो पोरगा इतका सभ्य आहे की बघताना त्रास होतो. पेठरोडच्या ताईंना जी ‘आधीची दोन वर्षं’ हवी आहेत त्यांच्या जवळ जाणारं मला हेच सापडलं, जरी ती नंतरची वर्षं असली तरी.

विंगेतला_माणूस

हेच तर! मला दोन्ही टेक हवे होते. एकदा कडी लागते, एकदा लागत नाही, आणि खाली पट्टी: पहिला प्रसंग अमक्या आरोपीच्या कबुलीजबाबानुसार, दुसरा तमक्या शेजाऱ्याच्या साक्षीनुसार. शूट तर दोन्ही झालेच होते, जादा खर्च शून्य.

मिसळ_कट्टा

आणि खरं कुठलं ते बघणाऱ्याने ठरवायचं?

विंगेतला_माणूस

ठरत नसेल तर नाही ठरवायचं.

मिसळ_कट्टा

मग रात्री झोप लागायची नाही. पण ठीक, असं काही आलं तर एक भाग बघेन. रिमोट हातात ठेवून.

सातपूरची_सून

बऱ्याच दिवसांपासून वाचनमात्र होते. एक विचारू? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना विचारतात का हे लोक? आमच्या नात्यात एक प्रकरण झालं होतं, पंथाचं नव्हे, पण पेपरात आलं होतं. चॅनलवर त्याचा एपिसोड झाला. त्यात वहिनीची भूमिका करणारी नटी नेलपॉलिश लावून भाकरी थापत होती. वहिनी अजून तेवढंच बोलते. बाकी एपिसोडबद्दल काही नाही, नेलपॉलिशबद्दल.

कोर्टाची_पायरी

ताई, विचारायलाच हवं असं बंधन साधारणपणे नाही. १९९४ चा राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू हा निकाल आहे, ऑटो शंकर नावाच्या खुन्याच्या आत्मचरित्रावरून झालेला. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खासगी आयुष्यावर त्या माणसाचा हक्क आहे, त्याच्या संमतीशिवाय छापता येत नाही. पण कोर्टाच्या कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं असेल तर हा आक्षेप चालत नाही. लैंगिक अत्याचार, अपहरण यांतल्या पीडितेचं नाव मात्र तिथेही वाचवलंय.

म्हणून निर्माते ‘पब्लिक रेकॉर्डवर आधारित’ लिहितात. गंमत अशी की रेकॉर्डमध्ये असतो पंचनामा आणि साक्ष. स्वयंपाकघरात कोण काय पुटपुटलं, कोण रडलं, कोण हसलं हे त्यात नसतं. ते घातलं की तुम्ही रेकॉर्डच्या बाहेर पाऊल टाकलं. तिथे भांडायला जागा आहे. पण भांडणार कोण? कुटुंबाला आधीच कोर्टाच्या पायऱ्या नकोशा झालेल्या असतात.

सातपूरची_सून

हो, वहिनी नाहीच म्हणाली.

रीळ_आणि_राख

वकीलसाहेब, आणि एखाद्याला खुनी दाखवलं आणि तो अपिलात निर्दोष सुटलेला असेल तर?

कोर्टाची_पायरी

तर अब्रुनुकसानी. एपिसोडची प्रत, सुटकेच्या निकालाची प्रमाणित प्रत आणि एपिसोड कधी, कुठे बघितला याची नोंद घेऊन या. शनिवारी संध्याकाळी नको, त्या वेळी मी साधना नाहीतर अंबिकाला मिसळ खात असतो.

मिसळ_कट्टा

शेवटी आलात ना मूळ मुद्द्यावर!